दोन अर्ध्या बरण्या

खण्णऽऽ!

भर दुपारी, अख्खी इमारत पेंगत असताना, आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचं एक झाकण पडलं आणि गोल गोल फिरत, दर फेरीला आवाज चढवत, एकदाचं आडवं झालं. मांडीवरच्या योगूने, माझ्या लेकीने, पापणी हलवली, ओठ मुडपले आणि ती पुन्हा झोपली. वाचले! ती झोपली आहे तोवरच मला लिहिता येतं. ती उठली की हे पेन तिचं, वहीही तिची आणि मीही तिचीच.

आत काय चाललंय ते मी न बघता सांगते. सासूबाई दोन अर्ध्या बरण्यांची एक भरलेली बरणी करतायत.

हे आमच्या घराचं कुलव्रत आहे. सासूबाई मूळच्या नांदगावच्या, आणि अर्धी बरणी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. "अर्धी बरणी म्हणजे घरात रुसून बसलेलं माणूस," त्या म्हणतात. "दुसऱ्या अर्धीत नेऊन ओतायची, की रुसवा गेला!" लग्नानंतर मला मिळालेलं हे पहिलं शिक्षण. आणि शिष्या अशी निघाले, की गुरूने कानाला हात लावावा! इंदिरानगरातल्या आमच्या घरात आज अर्धी वस्तू औषधाला सापडणार नाही. जाडे पोहे पातळ पोह्यांत. नाचणीसत्त्व सातूच्या पिठात. शाम्पूच्या दोन बाटल्या तर मी एकमेकींच्या डोक्यावर उलट्या उभ्या करते, सर्कशीतल्या पोरींसारख्या. खोबरेलात मी मोहरीचं तेल ओतलं होतं तेव्हा रविराज, म्हणजे माझा नवरा, दिवसभर अंबडच्या कंपनीत लोणच्यासारखा दरवळत होता. पण ते जाऊ दे.

मुद्दा हा, की या कलेत माझा हात धरणारी बाई नाशकात नाही! निदान या एप्रिलपर्यंत मी छातीठोकपणे असं सांगत असे.

योगू झाली आणि मी घरी बसले. एम.एस्सी. केमिस्ट्रीचं प्रमाणपत्र कपाटात ठेवणीतल्या साड्यांखाली जाऊन निजलं. मग गेल्या जूनमध्ये जवळच्याच एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्वावर म्हणजे काय, तर दर जूनला कुणीतरी नव्याने 'या' म्हणायला हवं. हे 'या' म्हणायचा मान आमच्या प्राचार्यांचा, आहेर सरांचा. मला ते 'या' हवं होतं. किती हवं होतं ते सांगायलाही संकोच वाटतो. संध्याकाळी घरी आले की योगू माझा तळहात नाकाशी धरते आणि म्हणते, "आई, तुला फळ्याचा वास येतो." तो वास जूननंतरही माझ्या हाताला यावा, बस, एवढंच.

एप्रिलमध्ये तपासणी समिती येणार असं कळलं. आहेर सरांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, प्रयोगशाळा आरशासारखी दिसली पाहिजे. समिती एकदा येऊन जाऊ दे, मग तुमचं जूनचं बघू."

झालं! मी पदर खोचला. कपाटं उघडली आणि आत बघते तर काय, अर्ध्या बाटल्यांचा नुसता बाजार! माझे हात शिवशिवायला लागले. त्यातच एका बाटलीत रॉकेलमध्ये बुडालेले सोडियमचे थोडे तुकडे होते, आणि शेजारच्या बाटलीत तसेच रॉकेलमध्ये बुडालेले पोटॅशियमचे.

ज्यांनी दहावीनंतर विज्ञानाला नमस्कार केला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे दोन्ही धातूच, पण खव्याच्या वडीसारखे मऊ, सुरीने कापता येणारे. स्वभावाने मात्र महाभयंकर तापट! पाण्याचा थेंब लागला की पेट घेतात. हवासुद्धा सोसत नाही, म्हणून जन्मभर रॉकेलमध्ये बुडी मारून बसतात. दोन्ही एकाच कुळातले, दोन्ही करडे, दोन्ही मऊ. एका घरच्या दोघी जावाच म्हणा ना! मग दोन चुली कशाला? मी काचेची एक स्वच्छ, रुंद तोंडाची लोणच्याची बरणी आणली आणि दोघींचा संसार एकत्र थाटून दिला. वर लेबलही लावलं नाही. हळदीच्या डब्यावर 'हळद' असं कुणी लिहितं का?

त्यांना पाण्यापासून लांब ठेवायचं हे मला पाठ होतं. एकमेकांपासूनही लांब ठेवायचं असतं, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. जावा म्हटल्यावर खरं तर यायला हवं होतं!

नंतरचे काही दिवस मी पेपर तपासण्यात बुडाले होते. ऊन असं तापलं होतं, की प्रयोगशाळेच्या पत्र्यावर पापड भाजावा. मग तो सोमवार आला. बालवाडीला सुट्टी लागलेली, सासूबाई नांदगावला लग्नाला गेलेल्या, म्हणून योगूला मी सोबत नेलं होतं आणि शेजारच्या जीवशास्त्राच्या खोलीत हाजराजवळ बसवलं होतं. हाजरा जीवशास्त्र शिकवते आणि माझी मैत्रीण आहे. योगू तिथल्या सांगाड्याला मन लावून चुरमुरे भरवत होती.

मी कपाट उघडलं. बरणीची जागा रिकामी. मी हाजराला हाक मारून बोलावलं.

"हाजरा, इथली लोणच्याची बरणी कुणी उचलली गं?"

"ती पाऱ्याची? रंगनाथभाऊ घेऊन गेले की."

"पाऱ्याची नाही गं. रॉकेलमध्ये तुकडे होते, ती."

"तुकडे कुठले? मी स्वतः बघितलं ना! तळाशी चांदीसारखं पातळ, लखलखीत. बरणी हलवली की या टोकाहून त्या टोकाला पळत होतं. तुझी योगू पळते ना, तस्सं!"

मी स्टुलावर बसले.  एम.एस्सी.च्या कुठल्याशा परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचलेली एक ओळ कपाटातल्या सगळ्या साड्या झटकून उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली: सोडियम आणि पोटॅशियम एकत्र आले की साध्या हवामानातही वितळून पातळ होतात, दिसायला थेट पाऱ्यासारखे. आणि हे पातळ प्रकरण दोघांपेक्षाही तापट असतं.

"आणि रंगनाथभाऊंनी ते नेलं कशाला?"

"अगं, तू नव्हतीस तेव्हा सकाळी केवढा तमाशा झाला!" हाजरा खुर्ची ओढून बसली. रंगनाथभाऊ म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, मिशा पिकलेल्या, गळ्यात रुद्राक्ष. "भाऊंनी कपाट पुसताना ते पाहिलं आणि सरांना हाक मारली. सर नुसते पांढरेफटक! समितीला त्यांनी आधीच लिहून दिलंय ना, आमच्याकडे पारा उरलेला नाही म्हणून. 'विष आहे हे! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!' भाऊंनी हात जोडले. म्हणाले, 'सर, फेकू नका. आमच्या मंडळींच्या मनात लय दिवसांपास्नं हाय, घरात पाऱ्याचं शिवलिंग बसवायचं.' सर म्हणाले, 'न्या! कुठेही न्या! मला दिसू देऊ नका!'"

"मग ते आता घरी गेले?"

"छे! गंगेवर गेले. म्हणाले, आधी पारा गंगेत धुऊन शुद्ध करतो, मग भांडीबाजारात कारागिराकडे देतो."

धुऊन!

गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. पण त्या क्षणी ती मला गंगा वाटेना, मैलभर पसरलेला पाण्याचा भला मोठा थेंब वाटायला लागली. आणि त्या थेंबाकडे एक भला माणूस माझी बरणी घेऊन निघाला होता. ती उघडून त्याने नुसती पाण्याला टेकवली, की जाळ होणार, बरणी फुटणार, त्याचे हात जाणार, डोळे जाणार. आणि मागे काही उरलंच, तर माझी जूनची नोकरी जाणार.

मी फोन लावला. वाजला, वाजला, वाजतच राहिला. पुन्हा लावला. अखेर उचलला!

"भाऊ! कुठे आहात?"

"रामकुंडावर, मॅडम."

"ऐका, पाण्यात पाय घालू नका!"

"घालू नका? मी गुडघाभर पाण्यात उभा हाय."

"बरणी? बरणी उघडलीत?"

"झाकण फिरवतच व्हतो, तेवढ्यात तुमचा फोन. आता एका हातात बरणी अन् एका हातात तुम्ही."

"झाकण घट्ट करा! आणि बाहेर या!"

"कसा येऊ? पायरीला शेवाळ हाय. हात टेकल्याबिगर चढता येत नाय. उतरताना एकदा घसरलो, बरणी सुटता सुटता राहिली."



"मग जिथे आहात तिथेच उभे राहा! फोन खिशात टाका, बरणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरा आणि पाण्याचा एक शिंतोडा लागू देऊ नका. तो पारा नाही, भाऊ!"

"पारा नाय? मग हाय काय?"

"मी येते! येऊन सांगते!"

एवढं स्पष्ट सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण 'मी केलं' हे दोन शब्द घशात आडवे झाले. आहेर सरांची केबिन भिंतीपलीकडेच होती ना!

मग रविराजला फोन. तो कंपनीत सुरक्षा विभागात आहे आणि जगात काहीही झालं तरी एकाच पट्टीत बोलतो.

"तू काय काय एकत्र केलंस म्हणालीस?"

"सोडियम आणि पोटॅशियम."

"बरं. साहेबांना सांगतो. पेटी आणि वाळू घेऊन गाडीने निघतो. कोरडी वाळू."

"ओली चालत नाही हे कळतं मला!"

"एवढं कळतं, तर मग ती बरणी..."

"रविराज!"

"निघालो."

योगूला हाजरापाशी सोडताना तिने माझी ओढणी धरली. मला वाटलं आता भोकाड पसरणार. पण ती गंभीरपणे म्हणाली, "लवकर ये. याचे चुरमुरे संपत आलेत." मी तिच्या केसांचा पापा घेतला आणि स्कूटरला किक मारत सुटले. बटणाची स्कूटर आहे, हे मला द्वारकेच्या चौकात आठवलं.

रामकुंडावर पोचले आणि बघते तर काय! पाण्यात मधोमध रंगनाथभाऊ उभे. धोतराचा काचा मारलेला, दोन्ही हात वर ताठ, माथ्यावर बरणी, उन्हात ती अशी चमकतेय की बघवत नाही. डोळे मिटलेले. ते घाबरून मिटले होते, पण लोकांना काय माहीत? काठावर ही गर्दी! कुणी हात जोडतंय, कुणी मोबाइलवर शूटिंग करतंय. भाऊंच्या पायाशी झेंडूची फुलं तरंगतायत.

"कधीपासून उभे आहेत?" मी एकाला विचारलं.

"सकाळपासून!" तो म्हणाला.

"सकाळपासून नाही, कालपासून," त्याच्या शेजारचा म्हणाला. "बोलत पण नाहीत. मौन आहे."

आणि मौन कसलं? मी त्यांना हलू नका म्हटलं होतं, त्यांनी ते जिभेलाही लागू केलं होतं!

दर्शनाला रांग लागली होती. रांगेत सर्वांत पुढे एक म्हातारी, नऊवारी खोचून पाण्यात उतरलेली, आणि तिच्या हातात, देवा, काठोकाठ भरलेला तांब्या! माथ्यावरच्या बरणीवर ती अभिषेक करणार होती.

"आजी! थांबा! पाणी घालू नका!"

"अगं, रांगेत ये की पोरी. आम्ही काय येडे हाय का, मगासपास्नं उभे?"

"त्याला पाणी चालत नाही!"

"देवाला पाणी चालत नाय? तुझ्या बापाची गंगा हाय का गं?"

"तो देव नाही, आजी!"

हे वाक्य रामकुंडावर उभं राहून मोठ्याने म्हणू नये. अनुभवाने सांगते. सगळ्या घाटावर एकदम कल्ला!

"देव नाही म्हणतेय!"

"चार बुकं शिकल्या की असंच!"

"चिमणाबाई, तुम्ही घाला पाणी, तिच्याकडं बघू नका!"

चिमणाबाईंनी तांब्या उचलला. भाऊंनी एक डोळा उघडला, मला बघितलं आणि केविलवाणं म्हणाले, "मॅडम, हात भरून आले हो." बरणी थरथरायला लागली. वरच्या पायऱ्यांवर मला आहेर सर दिसले, सफारीत, घामाघूम. त्यांच्यामागे हाजरा, आणि तिच्या कडेवर योगू. हाजराने त्यांना गाठून गाडीतून आणलं होतं. सर बघत होते, ऐकत होते. घशात आडवे झालेले ते दोन शब्द आता गिळायचे की बाहेर काढायचे? तांब्या कलायला लागला होता.

"मी केलं!" मी अशी ओरडले, की कबुतरं उडाली. "मी केलं हे! दोन अर्ध्या बरण्या होत्या, मी त्यांची एक केली! आत माझी चूक आहे, आजी, देव नाही! पाणी लागलं तर भडका उडेल, त्या माणसाचे हात जातील! माझ्यामुळे जातील!"

चिमणाबाईंचा तांब्या जिथल्या तिथे थांबला.

"दोन बरण्या एक केल्या?"

"हो."

"कशाच्या?"

काय सांगणार? "दोन वेगळ्या... वस्तू होत्या, आजी. दिसायला सारख्याच."

"अगं बया!" चिमणाबाईंनी तांब्या कमरेवर घेतला. "मागल्या साली म्या नव्या कैरीच्या लोणच्यात जुनं लिंबाचं ओतलं. जागा होती ना बरणीत!"

"मग?"

"मग काय! समदं नासलं. फसफसून झाकण उडालं, भिंतीवर खार!"

"तसंच आहे हे, आजी! फक्त खाराऐवजी जाळ!"

चिमणाबाई गर्रकन वळल्या. मी तापट धातू, धोका, विज्ञान असं काहीही म्हणत बसले असते तर कुणी ऐकलं नसतं. त्यांनी फक्त तांब्या उगारला.

"मागं सरा रे समदे! बाईचं लोणचं नासलंय! सरा म्हणते ना!"

आणि सगळा घाट मुकाट्याने मागे सरला!

तेवढ्यात रविराज आला. हेल्मेट, जाड हातमोजे, चेहऱ्यावर काचेचा पडदा, सोबत कंपनीतले दोघं आणि कोरड्या वाळूची लोखंडी पेटी. त्या दोघांनी भाऊंना दोन्ही दंडांना धरलं आणि मांडवाकडे निघालेल्या नवरदेवासारखं एकेक पायरी चढवून वर आणलं. रविराजने बरणी हळूच त्यांच्या हातातून घेतली, वाळूत बसवली, पेटीचं झाकण लावलं. पेटी गाडीत चढली, गाडी त्या दोघांसह अंबडकडे गेली. सगळं इतकं शांतपणे झालं, की लोकांची निराशा झाली. भाऊंचे हात मात्र वरच राहिले होते. ते खाली आणायला हाजराला दंड चोळावे लागले.

"भाऊ, माफ करा मला," मी म्हटलं.

"मंडळींना काय सांगू, तेवढं सांगा," ते म्हणाले. "आज येताना देव घेऊन येतो म्हणून निघालो व्हतो."

मग आहेर सर पायऱ्या उतरून आले. रुमालाने मान पुसली. मी हात बांधून उभी राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी.

"म्हणजे, बरणी भरली तुम्ही."

"हो सर."

"लेबल लावलं नाही."

"नाही सर."

"आणि आत काय आहे हे न विचारता, ती कॉलेजच्या बाहेर घालवली मी." त्यांनी पुन्हा मान पुसली. "समितीला हे जसं घडलं तसं सांगावं लागेल. आपल्या दोघांनाही."

"मी सांगीन सर."

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, आपल्याकडची मुलंही उद्या कुठेतरी असंच काहीतरी करतील. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. काय करू नका एवढंच नाही. असं का होतं, ते. पोपटपंची नको, कुणालाही कळेल असं. ते जमणार असेल, तर जूनला..."

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही.

"सर, अगदी जमेल! अहो, माझ्या योगूलासुद्धा कळेल असं सांगीन!"

"बघा हं."

"तुम्ही बघाच सर!"

मी योगूला हाजराच्या कडेवरून घेतलं. तिने माझा तळहात नाकाशी धरला नाही, काही नाही. तिच्या कपाळाला आठी होती. गाडीत हाजराने तिला सगळं समजावून सांगितलेलं दिसत होतं, आणि पोरगी ते घोळवत होती. रविराजने हेल्मेट काढलं. सर थांबले. भाऊ दंड चोळत थांबले. चिमणाबाईसुद्धा तांब्या घेऊन जवळ सरकल्या.

"आई, ते एकेकटे होते तेव्हा घट्ट होते ना गं?"

"हो, राणी. चांगले घट्ट होते."

"आणि कुणी तापवलं पण नाही त्यांना?"

"नाही गं."

"मग नुसते एकमेकांजवळ आल्यावर पातळ का झाले?"